न हसण्याची नोकरी

चौदा वर्षं मी आवाज न करण्याची नोकरी केली. कामाचं नाव साफसफाई आणि चहापाणी असं होतं, पण खरं काम आवाज न करण्याचं. अंधेरीला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्याच्या गाळ्यात आमचा स्टुडिओ. गाणी, जाहिराती, वाचून दाखवलेली पुस्तकं, सगळं तिथे रेकॉर्ड व्हायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, इथे कसलं तरी गोडाऊन असणार.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला आणि मी घरी बसले. मुलीच्या जुन्या वह्यांत कोरी पानं पुष्कळ आहेत. दिवाळी अंकांत लोक आपापल्या नोकरीबद्दल लिहितात, ते मी आवडीने वाचते. डॉक्टर लिहितात, पोलीस लिहितात, वकील तर फारच लिहितात. माझ्याकडे तसं मोठं काही नाही. एकच गोष्ट आहे, आणि ती मला अजून नीट कळलेली नाही. लिहून बघितली तर कळेल असं वाटतं. कोणाला दाखवायची नाही.

आधी स्टुडिओ म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं की तिथे नट-नट्या येतात. दोन खोल्या असतात. आतल्या खोलीत माणूस गातो. बाहेरच्या खोलीत मशीन, मोठे स्पीकर, एक खुर्ची आणि मागे सोफा. दोन्हींच्या मध्ये जाड काच. गाणारा कानाला हेडफोन लावतो, त्यात वाजवणाऱ्यांचा आवाज येतो. बाहेर बसलेल्याला त्याच्याशी बोलायचं असलं तर मशीनवरचं एक बटण दाबून बोलायचं, ते त्याच्या कानात जातं. लाल दिवा लागला की रेकॉर्डिंग सुरू. तेव्हा दोन्हीकडे एसी बंद, कारण एसीची घरघर गाण्यात येते. मोबाईल टोपलीत. वरच्या गाळ्यात खोके बनवायचं मशीन होतं, त्याची धडधड खाली यायची. मग मी वर जाऊन हात जोडायचे, "दहा मिनटं रुक जाओ भैया." ते थांबायचे. माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त बोलले ते हे एवढं वाक्य.

माझ्या साड्या सुती, कारण नायलॉनची सळसळ होते. बांगड्या मी घरी काढून ठेवायचे. सासरचे लोक त्यावरून बोलले, पण आमचे हे म्हणाले, "बोलूंदेत गो." दाराच्या बिजागऱ्यांना दर सोमवारी खोबरेल. कुठल्या खुर्चीचा कुठला पाय करकरतो ते मला पाठ होतं. हे सगळं कोणी शिकवलं नाही. एकदाच चूक झाली आणि मी शिकले.

पहिल्या वर्षी चटणीच्या जाहिरातीला एक मोठा आवाजवाला माणूस आला होता. त्याला एकच शब्द म्हणायचा होता, "वा!" चटणी खाऊन म्हणतात तसा. दोन तास तो "वा" म्हणत होता. कधी लांब, कधी आखूड, कधी लाडात, कधी चकित होऊन. मी कोपऱ्यात पाण्याचे ग्लास घेऊन उभी. शेवटी त्याने असा काही "वा" म्हटला की बाहेरची माणसं खुर्चीतून उठली, आणि नेमकी त्याच वेळी मला हसू फुटलं. आमचे मालक नाईक सर. मशीनवरही तेच बसायचे. ते रागावले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि तो तुकडा मोठ्या स्पीकरवर लावला. आधी "वा!" आणि त्याच्या पाठीला पाठ लावून माझी "खी". माझं हसणं एवढं मोठं मी कधी ऐकलं नव्हतं. सर म्हणाले, "वासंती, इथे हसायचं नाही."

तेव्हापासून मी स्टुडिओत हसले नाही. माणूस ठरवून हसू थांबवू शकतो, सवय लागते. जीभ टाळूला लावायची, पोट आत घ्यायचं आणि भिंतीवरच्या एखाद्या खिळ्याकडे बघायचं. पुष्कळ प्रसंग आले. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या मंगलाष्टका रेकॉर्ड करायला आले होते. लग्नात रडू येईल म्हणून आधीच म्हणून ठेवतो म्हणाले. आणि आत जाऊन सहा वेळा रडले, दर वेळी त्याच ओळीला. सहाव्या वेळी तेच काचेतून ओरडले, "अहो, नवरी कोणाची मुलगी आहे ते तरी मला विसरायला लावा!" त्यांच्यावर हसावं की डोळे पुसावेत ते मला कळलं नाही. मी खिळ्याकडे बघत राहिले.

आता ती गोष्ट.

लॉकडाऊन संपून वर्ष-दोन वर्षं झाली होती. सर म्हणाले, "पुढचे दहा दिवस एक ग्रुप येणार आहे. विनोदी गाण्यांचा अल्बम करतायत. यूट्यूबवर लोक फार हसतात त्यांच्या गाण्यांना." मला बरं वाटलं. घरी आमचे हे जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन गेली होती, विनोदी काही कानावर पडत नव्हतं.

ग्रुपमध्ये चौघं. दोघं वाजवणारे, ते आपले शांत. गाणी लिहायचा आणि गिटार वाजवायचा तो सुशांत, मुलुंडचा, चांगली ऑफिसची नोकरी सोडून आलेला. आणि मुग्धा, ती गायची आणि पेटी वाजवायची. दोघं तिशीच्या आसपास. पहिल्या दिवशी ते आत आले ते सुतकात भेटायला आल्यासारखे. मला वाटलं कोणी गेलं की काय. मी चहा दिला. एक तासभर ते एका शब्दावर भांडत होते. मुग्धा म्हणायची, "हे फनी आहे." सुशांत म्हणायचा, "नाहीये." मुग्धा म्हणायची, "अरे आहे." दोघांची तोंडं बघवत नव्हती.

सगळी दहा दिवसांची तऱ्हा हीच. हसायची गाणी, आणि करणारे कोणी हसत नाहीत. एकेक ओळ पंचवीस-तीस वेळा गायची. पेटी वेगळी, गिटार वेगळी, मग त्यावर आवाज. मला काही ताळमेळ लागेना. शेवटी मुग्धानेच एकदा कप परत देताना सांगितलं, "ताई, स्टेजवर कसं, लोक हसतात, आपल्याला कळतं. इथे काय आहे? काच आहे. एकच जोक तीस वेळा केला की आपल्यालाच वीट येतो यार. चांगला आहे की भंगार, काहीच कळत नाही."

मी मान हलवली. कप धुवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सुशांत म्हणाला, "ताई, काम झालं असेल तर बसा ना जरा. एक गाणं ऐका." मला वाटलं, चांगला मुलगा आहे, माझे गुडघे बघितलेत त्याने. मी सोफ्यावर टोकाला बसले. सर नेहमीसारखे पाठमोरे, डोळे मशीनवर. ते गाणं दवाखान्याचं होतं. एक माणूस पायाचा अंगठा दुखतो म्हणून डॉक्टरकडे येतो आणि त्याचा नंबर येईपर्यंत बाकावरचे बाकीचे पेशंट त्याला तीन मोठे आजार लावून देतात. नंबर येतो तेव्हा तो डॉक्टरला सांगतो, राहू दे, मला सगळं कळलंय. आमच्या असल्फ्याच्या वस्तीतल्या दवाखान्यात अगदी हेच चालतं! मला हसू आवरेना. मी जीभ टाळूला लावली, खिळा शोधला, आणि गाणं संपेपर्यंत गणपतीच्या मूर्तीसारखी बसले. संपल्यावर उठले, कप गोळा केले आणि गेले.

त्या गाण्याचं काम पुढे कोणी केलं नाही. मला वाटलं, झालं असेल.

मग परत एकदा बसवलं. ते वरातीत नाचणाऱ्या काकांचं गाणं, जे बँड थांबला तरी रस्त्यावर आडवे पडून नाचतात आणि मग उठता येत नाही म्हणून तेही नाचातच धरतात. त्या वेळी तर मी पदराचा बोळा करून मुठीत दाबला. तेही गाणं दुसऱ्या दिवसापासून दिसेना.

तिसरं गाणं सुशांतने जपून ठेवलं होतं. अल्बमचं नावच त्या गाण्यावरून ठरलं होतं. त्यालाही मला सोफ्यावर बसवलं. मुलुंडची त्यांची जुनी बिल्डिंग पाडून नवी होणार, असं कित्येक वर्षं चाललेलं. मीटिंग होतात, पेढे वाटतात, बिल्डर बदलतो, परत मीटिंग. आणि सुशांतच्या बाबांनी नव्या फ्लॅटचे पडदे आधीच शिवून घेतलेत. गाण्याची ओळ अशी होती:

सात निळे पडदे कपाटात, बाबा रोज मोजतात,
खिडक्या अजून नकाशात, बिल्डर त्याही खोडतात.

पुढे आणखी होतं. बाबा जुन्या घरात कोणाला खिळा ठोकू देत नाहीत, कारण "कशाला? जायचंच आहे." दहा वर्षं घड्याळ टेबलावर झोपलेलं आहे.

ती ओळ ऐकली आणि मला आमचे हे दिसले. आमची झोपडपट्टीही नवी होणार होती. माणसं येऊन दारांवर रंगाने नंबर लिहून गेली, पक्की खोली मिळणार म्हणून सांगून गेली. त्या रविवारी ह्यांनी खडू आणला आणि दारासमोर गल्लीतच नवी खोली आखली. मापाने. "हयसर फ्रीज, तयसर देवारो." मला आणि मुलीला त्या चौकोनात उभं करून कोण कुठे झोपणार ते दाखवलं. मग येणारा-जाणारा त्यातून चालायला लागला तर हे उंबऱ्यात बसून ओरडायचे, "अरे भिंतीतून काय जातोस? दार आहे ना तिकडे!" सगळी गल्ली लोळायची. पाण्याला जाणाऱ्या बायका मुद्दाम दारातून वळून जायच्या, "येऊ का भावोजी?" म्हणून. दर रविवारी ते पुन्हा आखायचे. खोली झाली नाही. अजून नाही.

सोफ्यावर बसल्या बसल्या मला ते "भिंतीतून काय जातोस" ऐकू आलं आणि असं हसू आलं की मी खिळा विसरले. जीभ टाळूला लावून भागेना. पदर तोंडात धरला. श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आलं, खांदे हलायला लागले. काचेपलीकडून सुशांत बघत होता. गाणं संपलं तशी मी उठून चहाच्या खोलीत पळाले.

थोड्या वेळाने तिथूनच मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. चहाच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा.

"हे गाणं नाही ठेवायचं," सुशांत म्हणाला.

"काय? वेडा झालायस का?" मुग्धा.

"ताई रडल्या. मी बघितलं. पदर तोंडात घेऊन रडत होत्या."

"अरे, त्यांना दुसरं काहीतरी आठवलं असेल!"

"माझा बाप आहे तो, मुग्धा. तो घरात बसून पडदे मोजतो आणि मी ते गाण्यात घालून लोकांना दाखवतोय. हे मला आधी कळायला पाहिजे होतं. ताईंना बघून कळलं."

"म्हणजे आधी त्या हसल्या नाहीत म्हणून तू दवाखाना काढलास. मग काका काढलेस. आता रडल्या म्हणून हे. राहिलं काय अल्बममध्ये, आलाप? एक काम कर ना, ताईंनाच घे ग्रुपमध्ये. मला कशाला ठेवलंयस?"

"त्या खोटं नाही वागत. आपण सगळे एकमेकांना झकास झकास म्हणतो."

"बरं. मग बस त्यांच्यासमोर गात." दार वाजलं. मुग्धा निघून गेली.

मी दुधाचं पातेलं हातात घेऊन उभी. मला हळूहळू उमगलं. मला विश्रांतीला बसवत नव्हते, मला बघत होते. मी हसते का ते. आणि मी न हसण्यात एवढी तयार, की त्यांची दोन चांगली गाणी मी तोंडातल्या तोंडात मारली. आता हे तिसरं. ते गेलं तर अल्बम गेला. आणि कोणाला दोष द्यावा? त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकांशी मी "साखर?" एवढंच बोलायचे.

त्या दिवशी मेट्रोत बसून मी वाक्य जुळवलं. सकाळी परत जुळवलं. सुशांतदादा, तुमचा गैरसमज झालाय. पण तो समोर आला की वाक्य जायचं. सकाळी मी त्याला दोनदा साखर विचारली.

मुग्धा आली होती, एका गाण्याचं तिचं काम बाकी होतं म्हणून. ती सोफ्याच्या ह्या टोकाला, मोबाईलमध्ये. सुशांत आत काचेपलीकडे एकटा, हेडफोन लावून बसलेला. दोघं बोलत नव्हते. सर फोन आला म्हणून बाहेर गेले. मी मशीन पुसत होते. आतल्याशी बोलायचं ते बटण इतकी वर्षं मी रोज पुसलं होतं, दाबलं जाऊ नये म्हणून बाजूबाजूने. सुशांतची मान खाली होती. मला वाटलं, माणूस समोर नाही, काचेत आहे. आणि मी बटण दाबलं.

"सुशांतदादा, मी वासंती. मी काल रडत नव्हते. हसत होते."

तो दचकून इकडेतिकडे बघायला लागला. देवाचा आवाज आल्यासारखा. मुग्धाने मान वर केली. "ताई? काय म्हणालात?"

"इथे हसायचं नसतं," मी म्हटलं. बटण अजून दाबलेलंच होतं. "मी पहिल्यापासून हसत नाही. दवाखान्याचं फार छान होतं. काकांचं पण."

सुशांत बाहेर आला. मुग्धाने दोन्ही हात डोक्याला लावले. "वाट लागली! सुशांत, ऐकतोयस ना? सगळ्या अंधेरीत तुला एकच बाई सापडली हसवायला, आणि तिला हसायला बंदी!"

तेवढ्यात सर आले. "कोणी बंदी केली?"

"तुम्हीच सर," मी म्हणाले. "ते 'वा'वाले आले होते तेव्हा."

"कुठले 'वा'वाले?"

सरांना काहीच आठवत नव्हतं. ती जाहिरात नाही, माझी "खी" नाही. ते आठवायचा प्रयत्न करत राहिले आणि मला त्यांची दया आली. मग स्वतःचीही थोडी आली.

सुशांत मात्र अजून माझ्या रडण्यावरच अडला होता. "पण ताई, डोळ्यांत पाणी होतं. मी बघितलं."

मग मला खडूचं सांगावं लागलं. तोवर वाजवणारे दोघंही आले होते. चौघं आणि सर उभे राहून ऐकत होते. एवढ्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच एवढं बोलले. "भिंतीतून काय जातोस"ला मुग्धा फिसकन हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

"हसा," मी म्हणाले. "आम्ही हसायचो."

"आणि ते स्वतः?" सुशांतने विचारलं.

"सगळ्यात आधी तेच."

"पण बाहेरच्या कोणी गाणं केलं असतं त्यांच्यावर? लोकांसमोर? तर?"

हे मला माहीत नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "माहीत नाही. त्यांना विचारावं लागलं असतं."

सुशांत टोपलीकडे गेला. मोबाईल काढून त्याने घरी फोन लावला. "बाबा, एक गाणं ऐकवतो. मध्ये बोलू नका." सरांनी गाणं लावलं, त्याने मोबाईल स्पीकरसमोर धरला. गाणं संपलं. सुशांतने मोबाईलचा स्पीकर चालू केला. मग आवाज आला.

"हिरवे."

"काय बाबा?"

"पडदे हिरवे आहेत. निळे कुठे बघितलेस? आणि सात नाहीत, नऊ आहेत. किचनचे दोन धरले नाहीस."

"बाबा, ते गाणं आहे..."

"म्हणून काय चुकीचं सांगायचं?" फोन बंद झाला.

आम्ही सगळे त्या मोबाईलकडे बघत राहिलो. "चिडलेत का?" मुग्धा म्हणाली. सर म्हणाले, "आवाज तर साधा होता." वाजवणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "माझे बाबा असे बोलले असते तर मी घरी गेलो नसतो." सुशांत माझ्याकडे बघत होता, जणू मला कळेल. मला कळलं नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. अल्बम झाला. मोबाईलवर आहे, मुलीने मला काढून दिला. ते गाणं त्यात आहे. दवाखान्याचं आणि काकांचं नाही. ती अर्धीच रेकॉर्ड झालेली, दिवस संपले होते. ती दोन गाणी माझ्यामुळे गेली, ह्याची टोचणी मला आहे. काका तर मला अजून आडवे पडलेले दिसतात. आमच्या गल्लीत मी पडद्यांचं गाणं ऐकवलं तर शेजारची हसली आणि तिच्या सासूबाई म्हणाल्या, "बिचारा गं!" आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या, कोण बरोबर म्हणून.

तर फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओच्या दारात एक गृहस्थ उभे. बारीक, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात साड्यांच्या दुकानाची फुगलेली पिशवी. "इथे सुशांत गाणं करतोय का? मी त्याचा बाप." मुलुंडहून बसने, ती बदलून मेट्रोने आले होते. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास परत देताना विचारलं, "तुम्ही त्या ताई का? ज्या रडल्या?"

"हसले," मी म्हणाले.

सुशांतने घरी अर्धंच सांगितलं असणार. "असं होय," ते म्हणाले, आणि आत गेले.

मशीनच्या खोलीत त्यांनी पिशवीतून एक पडदा काढला आणि कोपऱ्यातल्या माईकच्या रिकाम्या दांड्यावर टाकला. जाड कापड, गर्द हिरवं, खाली बारीक पानांची नक्षी. घड्यांच्या रेघा कायमच्या पडलेल्या.

"बघ. ह्याला निळा म्हणतोस?"

"नाही बाबा."

"नऊच्या नऊ आणलेत. मोजायचे असतील तर मोज. नोकरी सोडून गाणी लिहितोस, रंग तरी बरोबर लिही."

सुशांतने पडद्याची नक्षी बोटाने चाचपली. मुग्धा जमिनीकडे बघत होती. मग तो आत गेला, लाल दिवा लागला, आणि त्याने ती ओळ बदलून गायली. नऊ हिरवे पडदे कपाटात. एकदाच गायली आणि झाली. त्या दहा दिवसांत एका फटक्यात झालेली ती एकच ओळ. बाबा सोफ्यावर बसून ऐकत होते, पिशवी मांडीवर. चेहरा पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या माणसासारखा. पोस्टातूनच रिटायर झालेले, हे मला नंतर कळलं.

सरांनी सगळं गाणं पहिल्यापासून लावलं. बाबा उठले. "तोवर हा पडदा घडी करू. गालिच्यावर धूळ आहे." मला वाईट वाटलं, गालिचा मीच झाडते. ते म्हणाले, "बाई, जरा ते टोक धरा."

मी टोक धरलं. साडीची घडी करतात तशी आम्ही करायला लागलो. ते त्या भिंतीला, मी ह्या भिंतीला. स्पीकरवर सुशांत गात होता. घड्याळ टेबलावर झोपलेलं आहे, कशाला ठोकायचं, जायचंच आहे. मी जीभ टाळूला लावली.

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला हसू येतंय वाटतं."

"हो."

"मग दाबता कशाला? आता काही रेकॉर्ड होत नाहीये. मी विचारून घेतलंय."

आणि मी हसले. इतक्या वर्षांचं नव्हतं ते, त्या एका गाण्याचंच होतं, पण आवाज मोठा होता. सर खुर्चीत वळले. मुग्धाही हसायला लागली आणि काचेपलीकडे सुशांत हेडफोन काढून आमच्याकडे बघत राहिला, बापाकडे आणि माझ्याकडे, आळीपाळीने.

बाबा हसले नाहीत. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. घडी करत ते एकेक पाऊल माझ्याकडे येत होते आणि मी त्यांच्याकडे जात होते. पडदा आखूड होत गेला. तेव्हा मला कळलं की माझ्या हातातलं टोक हलतंय. माझ्यामुळे नाही. त्यांच्या बाजूने, बारीक थरथरत होतं. हसतायत की रडतायत, ते मी मान वर करून बघितलं नाही. त्यांच्या हातात माझं टोक दिलं आणि पिशवीतला दुसरा पडदा काढला.